दागिना मोडायचा तर कुठे?

कष्टकऱ्याच्या घरात दागिना हौसेचा थोडा आणि अडीनडीचा फार असतो. ज्याला पगारी नोकरी आहे त्याच्यामागे फंड असतो, ज्याच्याकडे जमीन आहे त्याला पीककर्ज मिळते. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्या घरी ट्रंकेच्या तळाशी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी असते. आजारपण, बाळंतपण, लेकराची फी, छपरावरचे टिन, असे काही आले की ती पुरचुंडी सुटते. पण ती सोडल्यावर जायचे कुठे, विचारायचे कोणाला, मोजून घ्यायचे कसे, याविषयी आपल्या वस्तीत कोणी उघड बोलत नाही. दागिना मोडणे म्हणजे कमीपणा, असे मानून ते गुपचूप केले जाते. आणि गुपचूप केलेल्या व्यवहारात तोटा नेहमी गरिबाचाच होतो. म्हणून आमच्या घरी जे घडले ते मी मोकळेपणाने लिहीत आहे. एखाद्या भगिनीच्या उपयोगी पडले तर बरेच आहे.

आमचे घर वाशिमचे. आमचे मालक बाजार समितीत हमाली करतात, मी अंगणवाडीत मदतनीस आहे. थोरल्या मुलीला अकोल्याला नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. आमच्या दोन्ही घराण्यांत दवाखान्यात पेशंट म्हणून जाणारे पुष्कळ झाले, नोकरीसाठी जाणारी ही पहिलीच. प्रवेशाच्या वेळी हिशेब मांडला तो सत्तर हजारांचा झाला. त्यातली चाळीस हजार फी अशी, की ती आधी भरायची आणि शिष्यवृत्ती आली की परत मिळायची. उरलेले तीस हजार वसतिगृह, खानावळ, गणवेश आणि पुस्तकांचे, म्हणजे गेले की गेलेच. प्रवेशाची शेवटची तारीख बारा दिवसांवर होती.

सासूबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्यांची पुरचुंडी आम्ही तशीच ठेवली होती. त्यात काळ्या मण्यांची सोन्याची पोत, चांदीच्या तोरड्यांचा जोड, एकवीस जुन्या रुपयांची माळ आणि हातातल्या गोटांचा एक जोड होता.

घरात मते तीन झाली. मालक म्हणाले, सरळ सराफ्यात जाऊ, मोडून टाकू, रोखीचे पैसे हाती येतील. त्यांच्या अकोल्याच्या एका मित्राने सांगितले की मोडू नका, माझ्या ओळखीच्या दुकानात विकायला ठेवा. गिऱ्हाईक आले की तो विकून देईल, आपले कमिशन कापून घेईल, मोडीपेक्षा जास्त मिळेल. पुण्याला कामाला असलेला भाचा फोनवर म्हणाला, "मामी, दुकानदाराच्या नादी लागू नका. मोबाईलवर लिलावाला टाका. जुन्या रुपयांना लोक लाख-लाख रुपये देतात."

माझ्या मनात मात्र पहिला प्रश्न वेगळाच होता. हे विकायचे कुठे, याच्या आधी हे आहे कोणाचे?

सासूबाईंचा दागिना म्हणजे मुलाचा, आणि मुलाचा म्हणजे सुनेच्या ताब्यातला, असे आपण धरून चालतो. कायदा तसे म्हणत नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर तिच्या मालमत्तेवर मुलगे, मुली आणि नवरा यांचा सारखा हक्क सांगितला आहे. सासरे आधीच वारलेले, म्हणजे हक्कदार दोघे, आमचे मालक आणि रिसोडला दिलेली माझी नणंद. मुलींना वारसाहक्क मिळावा म्हणून हिंदू कोड बिलासाठी झटणाऱ्या आणि ते रखडले तेव्हा १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या बाबासाहेबांचे आपण नाव घेतो. मग घरातल्या लेकीला न विचारता तिच्या मायचा दागिना मोडायचा, हे आपल्याला शोभत नाही. मी नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, "वहिनी, पोरीच्या शिक्षणाले लागते तं मायच्याच नावानं कामी आलं समज. पण माळ मोडाच्या आंधी मले एक डाव पाहू दे." दुसऱ्या दिवशी ती एस.टी.ने आली.

शिक्षणासाठी दागिना काढणे ही आपल्याकडे लाजेची गोष्ट असूच शकत नाही. रामजीबाबा बाबासाहेबांच्या पुस्तकांसाठी आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत करत. माता रमाईंनी धारवाडच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी हातातल्या बांगड्या काढून दिल्याची आठवण तर घराघरांत सांगितली जाते. रामजीबाबांच्या गोष्टीत एक बारकावा आहे. त्यांनी दागिना विकला नाही, गहाण ठेवला, कारण पैसा परत येणार हे त्यांना ठाऊक होते. ही गोष्ट आम्हाला पुढे कामाला आली.

विकायला जाण्याआधी घरी दोन गोष्टी कराव्यात. एक म्हणजे वजन, दुसरी म्हणजे वस्तूंची यादी. आमच्या मालकांचे आयुष्य सोयाबीन-तुरीच्या काट्यावर गेले आहे. ते म्हणतात, "ज्यानं काटा पाह्यला नाही त्यानं माल विकला नाही, फेकला." सासूबाई सांगत की पोत तोळ्याची आहे. पण तोळा कोणता? जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि आज बाजारात तोळा म्हणतात तो सरसकट १० ग्रॅमचा. म्हणून म्हातारी माणसे सांगतात तो तोळा आणि दुकानदार बोलतो तो तोळा यांत दीड ग्रॅमहून अधिक अंतर आहे. आज सोन्याच्या भावाने दीड ग्रॅम म्हणजे गरिबाचा महिन्याचा किराणा. तेव्हा तोळ्यात बोलूच नये, ग्रॅममध्ये बोलावे. आमची पोत मण्यांसकट ९ ग्रॅम भरली.

मग आम्ही सराफ्यात गेलो, तेही एका दुकानात नाही, तीन दुकानांत. तिघेही, दोघी बाया आणि मालक. पहिल्या दुकानात पोत हातात घेतली आणि कस लावायला आत नेऊ लागले. नणंद म्हणाली, "दादा, जे करायचं ते आमच्यासमोर करा." त्यांना ते आवडले नाही. आम्ही पोत परत घेतली आणि निघालो. दुसऱ्या दुकानात समोर कसोटीच्या दगडावर घासून पाहिले, पण शेकडा दहा घट कापू म्हणाले. तिसऱ्या दुकानात तपासणीचे यंत्र होते. आकडा आम्हालाही दाखवला, कॅरेट सांगितले, घट किती ते सांगितले, आणि मागितल्यावर कागदावर लिहून दिले.

मोडीचा हिशेब एकदा समजून घेतला की भीती निम्मी होते. दागिना मोडताना तीन ठिकाणी पैसा जातो. पहिले, मणी, दोरा, लाख, खडे यांचे वजन. हे वजा होणे रास्तच आहे, पण ते अंदाजाने नव्हे तर वजन करून व्हावे. दुसरे, शुद्धता. चोवीस कॅरेट म्हणजे शुद्ध सोने. बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, वीस म्हणजे साधारण ८३३, अठरा म्हणजे ७५०. तिसरे, घट किंवा वटाव. घडणावळीचे पैसे तर परत मिळतच नाहीत, ते दागिना घेतला त्याच दिवशी गेलेले असतात.

उदाहरण घ्या. हिशेब सोपा व्हावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख धरू. २०२५ साली हा आकडा ओलांडला गेलाच आहे. पोतीत मणी-दोरा वगळून ७ ग्रॅम सोने निघाले. बावीस कॅरेट धरले तर त्यात शुद्ध सोने ६.४१ ग्रॅम, किंमत ६४ हजार १२० रुपये. तेच सोने दुकानदाराने वीस कॅरेट धरले तर ५८ हजार ३१०. त्यातून शेकडा पाच घट कापली तर हाती येतात ५५ हजार ३९४. एकाच पोतीत, एकाच भावाने, पावणेनऊ हजारांचा फरक! आणि या फरकाबद्दल आपल्याला विचारायचे असतात दोनच प्रश्न. किती कॅरेट धरले? किती टक्के कापले? हे दोन प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, फक्त धीर लागतो.

यंत्राविषयीही एक सांगते. ते मुख्यतः दागिन्याचा वरचा थर पाहते. वर मुलामा असेल किंवा आत डाग भरलेला असेल तर त्याला ते नेमके कळत नाही. आटवून पाहिले तर खरे कळते, पण आटवल्यावर दागिना उरत नाही. म्हणून आटवू द्यायच्या आधीच भाव आणि घट ठरवून घ्यावी, आणि पटले नाही तर गोळा परत मिळेल हेही बोलून घ्यावे. दुकानदाराच्या तपासणीवर भरवसा नसेल तर भारतीय मानक ब्यूरोच्या मान्यताप्राप्त केंद्रात सामान्य माणसालाही आपला दागिना तपासून घेता येतो. २०२२ साली जाहीर झालेला त्याचा दर चार डागांपर्यंत मिळून २०० रुपये आणि पाच किंवा अधिक डाग असतील तर डागामागे ४५ रुपये असा होता. हजारोंच्या व्यवहारात दोनशे रुपये जड नाहीत.

काही जण सांगतात की आता हॉलमार्कशिवाय जुना दागिना विकताच येत नाही, म्हणून भाव पाडावा लागतो. हे खोटे आहे. जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरांचा क्रमांक आवश्यक झाला, पण ही सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे. आपल्या घरातला जुना बिनाशिक्क्याचा दागिना सराफाला देण्यावर बंदी नाही. तसेच घरच्या माणसाने आपला जुना दागिना सराफाला विकला तर त्यावर जी.एस.टी. लागत नाही, हे सरकारने २०१७ सालीच स्पष्ट केले आहे. तेव्हा कोणी 'टॅक्स कापतो' म्हणाले तर कोणता टॅक्स ते लिहून मागावे.

आता दुसरा मार्ग, दुकानात विकायला ठेवण्याचा. मालकांच्या मित्राचा हेतू चांगलाच होता. मोठ्या शहरांत जुन्या घडणीचे दागिने, रत्ने, कलाकुसरीच्या वस्तू अशा रीतीने विकल्या जातात. वस्तू आपलीच राहते, दुकानदार ती मांडतो, विकली गेली की आपला वाटा कापून बाकी देतो. जिथे धातूच्या किमतीवर घडणीची किंमत चढते, तिथे थांबण्यात अर्थ आहे. पण आपल्या पोती-तोरड्यांना गिऱ्हाईक शोधत बसावे लागत नाही. त्यांची किंमत वजनात असते, आणि वजनाचे पैसे आजही मिळतात, सहा महिन्यांनीही तेवढेच वजन. मग ठेवून काय साधायचे? भाव चढला तर फायदा, उतरला तर तोटा, आणि तोवर वस्तू दुसऱ्याच्या तिजोरीत.

तरी आम्ही त्या दुकानदाराला विचारून घेतले. वजनाची पावती मिळेल का? किमान किती रुपयांच्या खाली विकणार नाही, हे लिहून द्याल का? किती दिवसांत विकले नाही तर परत? चोरी झाली, हरवले तर भरपाई कोणाची? विकल्यावर पैसे किती दिवसांत? तो म्हणाला, ओळखीत एवढी लिखापढी कशाला, चिठ्ठी देतो. त्या चिठ्ठीवर 'पोत १, माळ १' एवढेच लिहिले जाणार होते. वजन नाही, शुद्धता नाही. आम्ही नमस्कार करून फोन ठेवला. ज्या चिठ्ठीवर वजन नाही ती चिठ्ठी दागिन्याची नव्हे, भरवशाची असते. आणि भरवसा कोर्टात दाखवता येत नाही. शिवाय प्रवेशाची तारीख कोणाच्या गिऱ्हाइकासाठी थांबणार नव्हती.

तिसरा मार्ग भाच्याचा, मोबाईलवरच्या लिलावाचा. तरुण पोरे नवे काही सांगतात ते हसण्यावारी नेऊ नये, म्हणून आम्ही तेही नीट समजून घेतले. असा बाजार आपल्या देशात नवा नाही. बाझी नावाचा लिलावाचा बाजार २००० साली सुरू झाला, २००४ साली तो ईबे या अमेरिकन कंपनीने घेतला, आणि २०१८ साली तो भारतातला बाजार बंदही झाला. आज दुसरे आहेत. त्यांची रीत अशी की वस्तूचे फोटो टाकायचे, लोक बोली लावतात, जास्त बोलीवाल्याला वस्तू पाठवायची. ऐकायला सोपे वाटते. पण खेड्यातून किंवा लहान गावातून सोने विकणाऱ्यापुढे अडचणी उभ्या राहतात. फोटोवरून सोन्याचा कस कोणालाच कळत नाही, म्हणून अनोळखी माणूस पूर्ण भाव देतच नाही. सोने पार्सलने पाठवायचे तर वाटेत जबाबदारी कोणाची? आणि पोचल्यावर तो म्हणाला की खोटे निघाले, तर वाशिमच्या हमालाने पुण्या-दिल्लीच्या माणसाशी भांडायचे कुठे?

फसवणुकीची एक रीत सगळ्या भगिनींनी ध्यानात ठेवावी. घेणारा म्हणतो, पैसे पाठवतो, तुमच्या फोनवर निरोप येईल, तिथे पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायलाच. पिन टाकला की आपलेच खाते रिकामे होते. असे घडलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

भाच्याचे जुन्या रुपयांविषयीचे म्हणणे मात्र अगदीच निराधार नव्हते. दुर्मिळ नाण्यांचे लिलाव मुंबईसारख्या शहरात खरोखर होतात आणि काही नाण्यांना मोठी किंमत येते. म्हणून नणंद, मी आणि मुलगी असे तिघींनी बसून माळेतला एक-एक रुपया पुसून त्यावरचे साल वहीत उतरवले. एकवीसपैकी सोळा रुपये १९३९ च्या आधीचे निघाले आणि पाच १९४० नंतरचे. हा फरक मोठा आहे. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी. दुसऱ्या महायुद्धात चांदी कमी पडली म्हणून १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी घातली जाऊ लागली. म्हणजे दिसायला सारखे असलेले दोन रुपये, पण एकात साडेदहा ग्रॅमच्या वर चांदी आणि दुसऱ्यात पावणेसहा-सहा ग्रॅमच. आमच्या एकवीस रुपयांत मिळून सुमारे दोनशे ग्रॅम शुद्ध चांदी होती. हा आकडा हातात घेऊन दुकानात गेलो तेव्हा बोलणे सरळ झाले. सगळे रुपये 'निम्म्या चांदीचे' म्हणून मोजून घेण्याची सोय राहिली नाही.

मग लिलावाला का नाही? कारण प्रत्येक रुपयाला माळेत ओवण्यासाठी वर कडी डाग देऊन बसवलेली होती. नाणी जमवणारे लोक अशा कडी लावलेल्या, भोक पाडलेल्या नाण्याला संग्रहाची किंमत देत नाहीत, त्यांच्या दृष्टीने ते नाणे खराब झालेले असते. साले पाहिली तर तीही सर्रास सापडणारीच. म्हणजे हातात उरते ते वजन. आणि लाख-लाख रुपयांचे निरोप मोबाईलवर फिरतात, त्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन आणि टॅक्स मागणारे लोक बँकेचे कोणीही नसतात. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा घेणारा हा चोरच समजावा.

लिलाव हा शब्द आपल्या वस्तीला वेगळ्याच कारणाने ओळखीचा आहे. आपण लिलाव करायला जात नाही, लिलाव आपल्याकडे येतो. सोनेतारण कर्ज थकले की वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत नावांची यादी छापून येते, आणि कोणाची तरी पोत कोणीतरी बोली लावून घेऊन जातो. म्हणून चौथ्या मार्गाविषयी, म्हणजे गहाण ठेवण्याविषयी, बोलायलाच हवे.

गावचा बिनपरवान्याचा सावकार महिन्याला शेकडा तीन, पाच, काय वाटेल ते व्याज घेतो आणि पावती देत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. त्या कायद्याखाली ठरवलेले तारण कर्जाचे व्याज शेतकऱ्याला वर्षाला शेकडा ९ आणि इतरांना १५ असे होते, महिन्याला नव्हे. २०१५ साली सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकाराकडचे कर्ज भरण्याचा निर्णय घेतला. तो परवानाधारकाकडे कर्ज असणाऱ्यांसाठीच होता. बिनपरवान्याच्या दारी गेलेल्याच्या हाती दाखवायला कागदच नव्हता.

बँकेच्या सोनेतारणाचे नियम रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नव्याने घालून दिले आणि ते लागू करायला १ एप्रिल २०२६ ही मुदत दिली. त्यातले आपल्या कामाचे असे. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या शेकडा ८५ पर्यंत रक्कम देता येते. चांदीचे दागिनेही तारण घेता येतात. तपासणी कर्जदारासमोर व्हावी आणि वजन, शुद्धता, वजावट यांचा कागद त्याला मिळावा. कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिना परत द्यावा, उशीर बँकेचा असेल तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. लिलाव करायचाच झाला तर आधी नोटीस, आणि कर्ज वळते करून उरलेली रक्कम कर्जदाराला परत. ही शेवटची गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. लिलाव झाला म्हणजे सगळे गेले, असे समजून ते पुन्हा तिकडे फिरकतच नाहीत. वरचा पैसा आपला असतो. तो मागून घ्यावा.

तर मग आम्ही काय केले? रामजीबाबांची रीत धरली. जो पैसा परत येणार आहे त्यासाठी गहाण, जो येणार नाही त्यासाठी मोड. फीचे चाळीस हजार शिष्यवृत्तीतून परत येणार होते, म्हणून पोत बँकेत तारण ठेवली. आठवड्याच्या आत कर्ज मिळाले. वसतिगृहाचे पैसे परत येणारे नव्हते, म्हणून माळ मोडली. दोन रुपये तेवढे काढून घेतले, एक नणंदेला आणि एक आमच्या घरी. एकोणीस रुपयांचे पैसे सराफाने खात्यावर जमा केले, पावतीवर वजन आणि टंच लिहून घेतला. जे कमी पडले ते बचत गटातून घेतले. तोरड्या नणंदेच्या वाट्याला दिल्या. त्या ती नको म्हणत होती, पण मीच आग्रह केला. माळेतल्या तिच्या वाट्याचे पैसे तिने भाचीच्या शिक्षणाला दिले, हे साध्या कागदावर लिहून दोघा बहीणभावांनी सह्या केल्या. लिहून ठेवण्यात अविश्वास नसतो. पुढच्या पिढीत भांडण लागू नये, एवढाच त्याचा हेतू.

राहिला गोटांचा जोड. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने तो हातात घेतला, कानशीने किंचित घासला आणि परत दिला. म्हणाला, "बाई, हे चांदीचं नाही, कथील आहे. याला मोल नाही." नणंद ऐकून गप्प झाली. हे गोट तिने आपल्या मायच्या हातात पाहिलेले, आणि मायने आपल्या सासूच्या.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते, की हातातले हे कथलाचे-चांदीचे गोट आणि गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या ही तुमची अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी खूण आहे, ती टाका. घालायचा तर चांगला दागिना घाला, नाहीतर घालूच नका. लहानपणापासून हे आपण ऐकतो. पण दुकानात काट्यावर ते गोट बाजूला सारले गेले तेव्हा मला त्याचा दुसरा अर्थ कळला. ज्या बायांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या कोपरापर्यंत जडपणा होता, त्यांच्या हातात अडीनडीला मोडायला पै नव्हती. ओझे होते, पुंजी नव्हती. सासूबाईंनी ते गोट तरुणपणीच काढून ठेवले होते, आणि शेतमजुरीच्या पैशांतून साठवून ती नऊ ग्रॅमची पोत केली होती. त्याच पोतीने आज नातीची फी भरली.

भगिनींनो, यातून घ्यायचे ते थोडेच आहे. पुरचुंडी सोडण्याआधी घरातल्या लेकीबाळींना विचारा. वजन घरीच ग्रॅममध्ये करून ठेवा. पैसा परत येणार असेल तर गहाण ठेवा, पण बँकेत, कागदावर. परत येणार नसेल तर मोडा, पण एका दुकानात नको, तिनात विचारून. एकट्या जाऊ नका, दोघी-तिघी जा. तपासणी डोळ्यांसमोर होऊ द्या. दुकानात ठेवणे आणि मोबाईलचा लिलाव हे मार्ग वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ज्याच्या दागिन्यात वजनापेक्षा मोठे काही आहे, ज्याला थांबायला सवड आहे आणि लिहून घ्यायची ज्याची ताकद आहे, त्याचे ते मार्ग आहेत. ज्याचा दागिना वजनाचा आणि गरज आजची, त्याने जिथे काटा डोळ्यांसमोर आहे तिथेच व्यवहार करावा.

मुलीचे पहिले वर्ष पूर्ण झाले. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता आला तो तसाच बँकेत भरला, निम्मे कर्ज फिटले आहे. पोत सोडवण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे. मुलीने ठरवले आहे की पहिल्या पगारातून काही दागिना करायचा नाही, आजीच्या नावाने टपाल कार्यालयात खाते काढायचे. तिचे बरोबरच आहे. पुढच्या पिढीला अडचण आली तर तिला सराफ्याचा रस्ता विचारावा लागू नये.

जयभीम.